सुकट्याच्या गळ्यातला पट्टा

१

मला झोप हवी होती, बाकी काही नको होतं. रात्री दहाला पाठ टेकायची, तीनला उठायचं, चारच्या आत बंदरावर लिलावाला उभं राहायचं, मासळी घेऊन टेम्पोने अलिबागच्या बाजारात बसायचं, दुपारी घरी येऊन सासूला जेवायला वाढायचं आणि अंधार पडेपर्यंत बोंबील वाळत टांगायचे. अशा बाईला पाच तास झोप मिळाली तर कुणाचं काय बिघडतं? पण नाही. बरोबर बाराला आमचा सुकट्या सुरू व्हायचा आणि दोन वाजेपर्यंत थांबायचा नाही.

सुकट्या म्हणजे आमचा कुत्रा. पिल्लू असताना सुकवणीच्या बांबूंखाली सापडला, अंगावर नुसती हाडं, म्हणून माझ्या नवऱ्याने हे नाव ठेवलं. आता चांगला दांडगा झालाय, पण नाव तेच. सहा वर्षांत तो कधी उगाच भुंकला नव्हता. घरच्या माणसावर तर नाहीच. हरेश्वर बंदरावरून यायला निघाला की याची शेपटी इथे जमिनीवर आपटायला लागायची. हरेश्वर माझा नवरा. मी त्याला अरे-तुरे करते. अख्ख्या अलिबागच्या बाजाराला करते, त्याला एकट्याला कशाला सोडू?

तो तांडेल आहे, बोट त्याच्या हाताखाली चालते. दिवाळीनंतर एका सोमवारी बर्फ भरून सहा खलाशी घेऊन नऊ दिवसांच्या फेरीवर गेला. तिसऱ्या रात्रीपासून सुकट्याचं हे सुरू झालं. मागच्या दाराकडे तोंड करून, मानेवरचे केस उभे करून, घसा बसेपर्यंत भुंकायचं. मागच्या दारी पायरी, पायरीवर पाण्याची बालदी, पुढे चिखल आणि खाडी. मी उठून बॅटरी मारून बघितली. काही नव्हतं.

त्या दाराचं आधी सांगून ठेवते. आमच्या घरातला माणूस दर्यावर असला की मागच्या दाराला कडी लावायची नाही, नुसतं लोटून ठेवायचं. माझी सासू बायजा म्हणते, "दर्यावरनं येणारा दार वाजवीत न्हाय. त्याला दार उघडं गावलं पायजे. कडी लागलेली दिसली का तो समजतो, घरच्यांनी आस सोडली. मग तसाच माघारी जातो." बालदी त्याला पाय धुवायला. पायाला चिखल घेऊन घरात यायचं नाही, एवढा नियम पुरुषांना आहे.

२

आमच्या शेजारी मुंबईवाल्यांचा बंगला आहे, पर्यटकांना भाड्याने देतात. तिथला मॅनेजर प्रज्योत, तळा गावचा, चाळिशीतला सभ्य माणूस. शुक्रवारी दुपारी तो कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"वहिनी, काल गेस्ट एक वाजता गाडी काढून निघून गेले हो. मालक मला झापतायत."

"मग मी काय करू? कुत्र्याला अंगाई म्हणू?"

त्याने खिशातून एक काळा पट्टा काढला. त्यावर काडेपेटीएवढी डबी आणि डबीला दोन बोथट खिळे. मालकाच्या विलायती कुत्र्यासाठी मागवला होता, म्हणाला. कुत्रा भुंकला की पट्ट्याला गळ्यावरून कळतं, मग तो थरथरतो, तरी नाही थांबला तर बारीकसा झटका देतो. गप्प असला की हिरवा दिवा, भुंकला की लाल. चार्जिंग आठ दिवस पुरतं.

"झटका म्हणजे मरेल का रे तो?"

"छे हो. मुंगी चावल्यासारखं वाटतं. बघा हवं तर स्वतःच्या हातावर."

मग काय, मी पट्टा गळ्याशी धरला आणि अंगणात उभी राहून भुंकले. खरंच भुंकले. आधी थरथर आणि मग असा चटका बसला की माझ्या तोंडातली शिवी अर्ध्यात राहिली. सासू ओट्यावर पोट धरून हसली. "घाल गो, तुलाच घाल. आमचा हरेश्वर सुखी व्हईल!" मीही हसले. आठवड्यात पहिल्यांदा आम्ही दोघी एकदम हसलो असू.

त्या रात्री सुकट्याच्या गळ्यात पट्टा घातला. बाराला एक भुंकणं ऐकलं, मग एक केविलवाणं कुंईं, मग काही नाही. वाईट वाटलं का? वाटलं. पण देवाशपथ सांगते, पुढच्या मिनिटाला मी झोपले होते.

३

सकाळी पट्ट्याचा दिवा विझलेला होता. बंदरावर निघायच्या आधी कुंपणापलीकडे प्रज्योत दिसला, तसं त्याला सुनावलं, "आठ दिवस म्हणालास, एका रात्रीत मेला तुझा पट्टा."

त्याने उलटासुलटा करून पाहिला. "एका रात्रीत? मग रात्रभर झटके देत राहिला असणार. म्हणजे कुत्रा रात्रभर भुंकत होता वहिनी."

"एकदाच भुंकला. मग एक आवाज नाही आला."

"आवाज दाबून भुंकला असेल. गळा हलला तरी याला कळतं."

मी सुकट्याकडे पाहिलं. तो मागच्या दारासमोर बसला होता, जबडा लोंबलेला, लाळ जमिनीवर. डोळे माझ्यावर नाहीतच. आणि बालदी अर्धी होती. संध्याकाळी मी स्वतः काठोकाठ भरली होती. पायरीवर पाणी सांडलेलं, आणि दाराच्या आत दोन हात जमीन ओली.

आता बघा, मी अडाणी नाही. बारावी झालेली आहे, बँकेची कामं मी करते. पहिलं मनात आलं ते सासू. म्हातारीला रात्री उठायची सवय, डोळ्यांनी धड दिसत नाही, सांडलं असेल पाणी. विचारलं तर म्हणाली, "मी कशाला उठू? मी तर मेल्यावानी झोपलेली."

बरं, मग मांजर. बरं, मग बंगल्यातला एखादा दारुडा. बाजाराला उशीर होत होता. मी जमीन पुसली, पट्टा फोनच्या शेजारी चार्जिंगला लावला आणि निघाले. रात्री परत घातला.

४

रविवारी दुपारी हरेश्वरचा फोन आला. बोट किनाऱ्याजवळ आली की रेंज मिळते, तेव्हा दोन मिनिटं बोलतो. वारा फोनमध्ये घुसत होता.

"कशी हायस?"

"मेलेय. झोप नाही. तुझा सुकट्या रात्रभर बोंबलत होता, आता पट्टा घातलाय, गप्प आहे." आणि मग उगाच विचारलं, "रात्री येऊन गेलास काय रे?"

तो हसला. "पोहत येऊ? हर्णैच्या समोर हाय मी." मग त्याचा आवाज बदलला. "पट्टा कसला?"

मी सांगितलं.

"काढ तो. कुत्रा भुंकायलाच पाळलाय ना? घरात दोघी बाया, दार उघडं. त्याला भुंकू दे."

"तू ये इथे झोपायला, मग सांग मला," मी म्हटलं. रागातच म्हटलं. तो काहीतरी बोलत होता, पण फोन कटला. तो पट्टा मी काढायला हवा होता. काढला नाही. सलग दोन रात्री झोपले होते, तिसरी मला सोडवत नव्हती. माझ्या शरीराने माझ्या वतीने ठरवून टाकलं, असं म्हणा हवं तर.

सोमवारी सकाळी ओल स्वयंपाकघरापर्यंत होती. मंगळवारी सकाळी हरेश्वरच्या खाटेपर्यंत. खाटेवरची गोधडी चुरगळलेली, उशीला खड्डा, आणि हात लावला तर खारट दमट. सासू खाटेजवळच जमिनीवर झोपते. ती मात्र खुशीत होती.

"हरेश्वर आला व्हता रातीचा. माझ्या पायाशी बसला. पाय किती गार गो त्याचे."

"आई, तो हर्णैला आहे. परवा फोन आला ना?"

"असंल. पन आला व्हता."

मी तिच्यावर खेकसले. मला तिची नाही, माझी भीती वाटत होती. कारण तिने सांगितलं आणि मला ते लगेच पटलं.

५

मंगळवारी रात्री मी झोपायचं नाही असं ठरवलं. कडी लावायला गेले तर म्हातारी दाराला पाठ लावून बसली. "माझा पोर भाईर हाय. माझ्या जिवंतपणी न्हाय कडी लावू देनार." तिच्या अंगाला हात कसा लावणार? मी स्वयंपाकघराच्या दारात चटई टाकून भिंतीला टेकून बसले. लाईट बंद केला, कारण उजेडात म्हातारीला झोप लागत नाही. सुकट्या मागच्या दारासमोर. गळ्यात हिरवा ठिपका.

बारा वाजून काही मिनिटांनी ठिपका लाल झाला.

आवाज काहीच नाही. सुकट्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. प्रत्येक वेळी पट्टा घूं घूं करून थरथरत होता, तेवढाच आवाज. लाल, अंधार, लाल, अंधार. बाहेर बालदीत मग्गा बुडला. पाणी पायावर ओतल्याचं ऐकू आलं, एकदा, दोनदा. कुणीतरी नीट पाय धूत होतं, आमच्या घरच्या पुरुषासारखं, टाच टाचेवर घासून. मग दार ढकललं गेलं.

मी भिंतीला आणखी चिकटले. सुकट्या पोटावर सरपटत मागे मागे येत माझ्या मांडीला लागला, आणि त्याच्या गळ्यातला लाल दिवा माझ्यासमोरच्या जमिनीवर पडत राहिला. त्या उजेडात मला पावलं दिसली. त्यांच्या वर पाहायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून पावलंच पाहिली. मोठी, ओली, पांढरी पडलेली. माझ्या समोरून ती खाटेकडे गेली.

हरेश्वरच्या डाव्या पायाला करंगळी नाही. चार वर्षांपूर्वी जाळं ओढायच्या विंचच्या दोरात सापडून तुटली. या डाव्या पावलाला पाची बोटं होती.

खाट करकरली. म्हातारी झोपेतच म्हणाली, "आलास व्हय?"

मी सकाळपर्यंत तशीच बसून होते. उजाडलं तेव्हा खाट रिकामी होती आणि माझी अक्कल परत आली. चार की पाच, लाल दिव्याच्या उघडझापीत कोण मोजतं? रात्रभर जागलेले डोळे, दुसरं काय? मी पट्टा काढून चार्जिंगला लावला.

६

बुधवारी दहा वाजता बाजारात फोन आला. आदल्या पहाटे वादळी वाऱ्यात बोट उलटली. दुसऱ्या बोटीने सहा जणांना उचललं. तांडेल सापडला नाही. शेवटपर्यंत सुकाणाजवळ होता, असं खलाशी रितेशने सांगितलं, आणि फोनवर ढसाढसा रडला.

मी पाटीतली मासळी तशीच टाकून उठले. घरी कोण घेऊन आलं, आठवत नाही. कोळीवाड्यातल्या सगळ्या बाया अंगणात. शोधायला बोटी गेल्या, हेलिकॉप्टर गेलं, आणि संध्याकाळपर्यंत काही नाही. म्हातारी मात्र एक टिपूस न काढता मला म्हणाली, "दार उघडं ठेव. तो यील."

आता मी जे केलं ते सांगते, आणि कुणी मला नावं ठेवली तरी चालेल. मला माहीत होतं, रात्री येतो तो हरेश्वर नाही. पाच बोटं मी पाहिली होती. पण मला माझा माणूस हवा होता. कसाही, कुठूनही. त्या रिकाम्या खाटेकडे बघून जगायचं मला जमणार नव्हतं. बाया घरी गेल्यावर मी बालदी काठोकाठ भरली. दार लोटलं. पट्टा पूर्ण चार्ज झाला होता. सुकट्याला जवळ घेऊन मी स्वतःच्या हाताने तो त्याच्या गळ्यात घातला, एक भोक जास्त आवळून. तो माझा हात चाटत होता. मग आत जाऊन डोक्यावरून गोधडी घेतली आणि झोपले. मला झोप लागली, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

सकाळी खाटेवर हरेश्वर होता.

७

सगळा वाडा लोटला. ढोल काढले पोरांनी. ड्रमला धरून तरंगत आला, रात्री खाडीच्या तोंडाशी लागला, असं त्याने सांगितलं. कमीच बोलला. तसा मुळातही तो बडबड्या नाही. डाव्या पावलाला फडकं घट्ट बांधलेलं. "कालवं लागली," म्हणाला. चिखलातल्या कालवांच्या धारदार शिंपांवर पाय कापतात, त्यात नवल काही नाही. डॉक्टरला दाखवू म्हटलं तर नको म्हणाला. रितेशने त्याला मिठी मारली आणि लगेच सोडली. "किती गार पडलायस रे तांडेल," म्हणाला.

सगळे हसत-रडत होते आणि सुकट्या अंगणाच्या कोपऱ्यात उभा होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं. लाल. लाल. लाल. दिवसाउजेडी तो दिवा कुणाच्या लक्षात येत नव्हता, माझ्याखेरीज.

"पट्टा काढू का त्याचा?" मी हरेश्वरला विचारलं. सहज विचारलं असं दाखवलं.

"राहू दे," तो म्हणाला. "बरा हाय गप्प."

मी प्रज्योतकडून दुसरा पट्टा मागवला. आता एक चार्जिंगला असतो, एक सुकट्याच्या गळ्यात. एक रात्रही मोकळी जात नाही. घरातले सगळे घरात, म्हणून मागच्या दाराला कडी लागायला लागली. ती हरेश्वरच लावतो.

८

महिन्याभराने एका रात्री जाग आली. बाराचा सुमार. हरेश्वर माझ्याकडे पाठ करून खाटेवर. त्याचा श्वास मला ऐकू येत नाही, तो आल्यापासूनच येत नाही, त्याचीही सवय झालीय. मागच्या दाराकडून बारीक आवाज येत होता, टप टप टप. मला वाटलं पाणी गळतंय.

ती शेपटी होती. सुकट्या मागच्या दाराला नाक लावून बसला होता आणि त्याची शेपटी जमिनीवर आपटत होती. कुंईं कुंईं करत होता, लाडात येऊन. गळ्यातला दिवा हिरवा.

बाहेर कुणी बालदीत मग्गा बुडवला नाही. कुणी दार वाजवलं नाही. दर्यावरनं येणारा वाजवत नाही.

मी उठून बसले. कडी चार पावलांवर होती. खाटेवरून हरेश्वरचा आवाज आला, झोपेचा अजिबात नाही.

"कुठं?"

"पाणी प्यायला."

"झोप. तीनला उठायचंय तुला."

आणि मी झोपले. भीतीने म्हणा, थकव्याने म्हणा. आता दोन्हींत मला फरक कळत नाही. शेपटी आणखी थोडा वेळ आपटत राहिली, मग थांबली.

पहाटे दार उघडलं. बालदी काठोकाठ भरलेली, तशीच. पायरीवर चिखलाची दोन पावलं उमटली होती, दाराकडे तोंड करून, शेजारी शेजारी. बराच वेळ कुणी उभं राहिल्यावर उमटतात तशी दाट. डाव्याला चार बोटं.

मी तिथे बसून खूप रडले. आवाज न करता रडले, तेही आता जमतं. मग सुकट्याला बोलावलं आणि पट्टा काढून खाडीत भिरकावला. त्याच्या गळ्याला दोन जागी केस गेलेले, कातडी काळी पडलेली. त्याला धरून आत आणलं, खाटेसमोर उभा केला आणि म्हटलं, "भुंक. भुंक रे राजा. एकदा भुंक, अख्ख्या वाड्याला ऐकू जाऊ दे."

सुकट्याने खाटेकडे पाहिलं. मानेवरचे केस उभे राहिले. तोंड उघडलं, मान पुढे आली, आणि मग झटका बसल्यासारखा तो थरथरला. गळ्यात काही नसताना. तोंड मिटून, शेपटी पोटात घालून तो खाली बसला.

"शाना झाला," हरेश्वर खाटेवरून म्हणाला.

त्या रात्री तो झोपल्यावर मी उठले आणि कडी हळूच काढून ठेवली. परत येऊन पडले. थोड्या वेळाने तो उठला. त्याची पावलं मागच्या दारापर्यंत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

"घरातले सगळे घरात हाईत ना?" त्याने अंधारातून विचारलं.

म्हातारी झोपेतच म्हणाली, "व्हय रे बाबा."

तो तिथेच उभा राहिला. माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"व्हय," मी म्हटलं.